मेंदूतील सेरोटोनीन तंतू व ग्राही

सेरोटोनीन (५-हायड्रॉक्सिट्रिप्टामीन) या तंत्रिका प्रेषक द्रव्याच्या तंतूंचा मेंदूतील प्रसार व त्याला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींची मांडणी यांचे नकाशे एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. या द्रव्यावर आधारलेल्या औषधांचे पुष्कळसे गुणदोष या मांडणीवरून समजू शकतात.

शरीरातील बहुतेक सेरोटोनीन आतड्यात तयार होते. ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपल्यापुरते सेरोटोनीन ट्रिप्टोफेन या ॲमिनो अम्लापासून स्वतः बनवितो. त्यामुळे रक्तातील प्रमाण मोजून मनःस्थितीचा अंदाज बांधणे व्यर्थ होय. मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन व अर्व्हिन पेज यांनी १९४८ मध्ये हे द्रव्य रक्तरसातून वेगळे केले आणि बेटी ट्वारॉग व पेज यांनी १९५३ मध्ये ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूत असल्याचे दाखविले. १९६४ मध्ये आनिका डालस्ट्रम व शेल फुक्स या स्वीडिश शास्त्रज्ञांनी उंदराच्या मेंदूवर फॉर्माल्डिहाइडाच्या वाफेची प्रक्रिया करून त्याचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अनुस्फुरणामुळे सेरोटोनीनयुक्त कोशिका पिवळ्या, तर डोपामीन व नॉरॲड्रेनॅलीन असलेल्या हिरव्या दिसल्या. त्यांनी या पिवळ्या कोशिकांचे बी १ ते बी ९ असे नऊ समूह वर्णिले.

हे समूह प्रामुख्याने मस्तिष्क स्तंभाच्या मध्यरेषेलगत असून त्यांना ‘राफे’ (मूळ ग्रीक अर्थ शिवण) म्हणतात. मानवी मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी तंत्रिका कोशिकांपैकी या केवळ काही लाख. परंतु त्यांचे तंतू जवळजवळ सर्वत्र पोहोचतात. वरच्या समूहांचे तंतू प्रमस्तिष्काकडे व खालच्यांचे मेरुरज्जूकडे जातात. मेरुरज्जूत ते वेदनासंदेशांचे नियमन करतात. तंतूंवर मण्यांसारखे फुगवटे असतात व त्यांतून सेरोटोनीन बाहेर पडते. पुष्कळशा फुगवट्यांसमोर ठराविक कोशिका नसतेच. द्रव्य आसपास पसरते. पाटाने वाफ्यात पाणी सोडण्यापेक्षा तुषार शिंपडण्याशी या क्रियेचे साम्य अधिक आहे.

असा विस्तृत प्रसार असूनही परिणाम स्थानपरत्वे भिन्न होतात, ते ग्राहींमुळे. ग्राहींची सात कुले व सुमारे चौदा प्रकार ज्ञात आहेत. १ए ग्राही हिप्पोकॅम्पसमध्ये व खुद्द राफे कोशिकांवर विपुल असून ते कोशिकेची उत्तेजितता कमी करतात. २ए ग्राही प्रमस्तिष्क बाह्यकात दाट असून ते सामान्यतः उत्तेजक असतात. एलएसडीने होणारे संवेदनभ्रम मुख्यतः यांच्याद्वारेच घडतात. मस्तिष्क-मेरुद्रव स्रवणाऱ्या कोरॉइड जालात २सी ग्राहींची रेलचेल आहे, पण तंतू विरळ! लंबमज्जेतील वांतीशी संबंधित भागात ३ ग्राही आढळतात.

सेरोटोनीनचे पुनर्ग्रहण रोखणारी अवसादरोधक औषधे ते सर्वत्रच वाढवितात. हवा तो भाग निवडण्याची सोय त्यांत नाही. प्रारंभी राफेवरील १ए ग्राही कोशिकांना आवर घालतात व काही आठवड्यांनी त्यांची संवेदनक्षमता घटते. गुण येण्यास लागणाऱ्या विलंबाचे हे एक स्पष्टीकरण मानले जाते. मळमळ मात्र पहिल्याच दिवसांत जाणवते आणि तिच्यात ३ ग्राहींचा वाटा असतो. नेमके हेच ग्राही रोखून ऑन्डॅन्सेट्रॉन हे औषध कर्करोगावरील रासायनिक उपचारांत होणारी वांती थांबविते.