आता घराचेही कांदेपोहे!

दादाचं पुण्यातलं शिक्षण, ताईचं लग्न, नाहीतर शहरातला नवा फ्लॅट. कारण काहीही असो, घर विकायला काढलंय? मग कमी खर्चात ते नीट कसं दाखवायचं, हे घरच्यांना तुम्हीच सांगा!

ताईला पाहायला पाव्हणे येणार म्हटलं की घरात काय धावपळ होते, आठवा. सोफ्याची कव्हरं बदलतात, कपाटावरच्या बॅगा गच्चीवर जातात, ठेवणीतले कप बाहेर निघतात. पण तेच घर विकायचं असतं तेव्हा? गिऱ्हाईक दारात उभं, दोरीवर कपडे वाळताहेत, अंगणात जुना कूलर गंजतोय आणि बाबा म्हणतात, ‘घर लय चांगलं आहे, फक्त जरा पसारा आहे.’ झालं! गिऱ्हाइकाला पसारा दिसतो, घर दिसतच नाही.

विकण्याआधी घर सजवून दाखवण्याला ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. अमेरिकेत बार्ब श्वार्झ या इस्टेट एजंट बाईंनी १९७० च्या दशकात ही कल्पना रुजवली. नाटकाच्या प्रयोगाआधी रंगमंच लावतात, तसं घर लावायचं. पुण्या-मुंबईत बिल्डर सॅम्पल फ्लॅट दाखवतात, तोही याच जातीचा. आपल्याकडे बुलडाणा, चिखली, खामगाव, मेहकरला जुनं घर विकायचं तर आई-बाबा आणि एखादा दलाल, एवढीच टीम. त्यामुळे ही जबाबदारी तुमच्यावर आली म्हणून समजा.

आधी पसारा, मग रंग

पहिलं काम फुकटातलं आहे. एक रविवार काढा आणि माळा रिकामा करा. दहावीची गाइडं, तुटक्या खुर्च्या, बंद पडलेला मिक्सर सगळं भंगारात द्या. त्याच पैशात बल्ब येतील. हॉलमध्ये दिवाण, सोफा आणि टीव्ही एवढंच राहू द्या. जागा मोकळी झाली की खोली मोठी वाटते.

मग छोट्या दुरुस्त्या. टपटपणाऱ्या नळाचा वायसर, करकरणाऱ्या दाराला तेल, तुटकं बटण, फुटकी काच. प्रत्येक वस्तू किरकोळ असते, पण नळ गळताना दिसला की गिऱ्हाईक मनात म्हणतं, ‘यांनी घराकडे लक्षच दिलेलं नाही.’ एका खोलीतले सगळे बल्ब एकाच रंगाच्या उजेडाचे घ्या. पडदे नवे नकोत, धुतले तरी पुरे.

सगळं घर रंगवायचीही गरज नाही. दर्शनी भाग, हॉल आणि गेट एवढ्यावर पैसे खर्च करा. भिंत खरवडून, पुट्टी भरून, प्रायमर मारून डिस्टेंपरचे दोन हात द्या. रंग फिकटच हवा. तुम्हाला पोपटी आवडतो म्हणून घेणाऱ्याला आवडेलच असं नाही. कंपाउंडला चुना आणि थोडी नीळ भागते. मलकापूर, खामगावकडचा उन्हाळा माहीत आहे ना? स्लॅबवर पांढरा रंग दिला तर ऊन परावर्तित होतं आणि खाली उकाडा कमी जाणवतो. आणि मे महिन्यात घर दाखवायचं तर सकाळी, भर दुपारी नको.

ओल झाकू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या काकांनी चिखलीतलं घर विकायला काढलं, तेव्हा हॉलच्या भिंतीला ओल होती. पेंटर म्हणाला, ‘पुट्टी मारून दोन हात देतो, काही दिसणार नाही.’ रंग मीच निवडला होता. खरंच काही दिसलं नाही, आठ दिवस. घेणारे दुसऱ्यांदा आले ते इसार द्यायला. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि भिंतीवर फुगे आले होते. त्या गृहस्थांनी बोटाने एक फुगा दाबला, पापुद्रा खाली पडला. ते काही बोलले नाहीत. चहा घेतला, गेले, परत आले नाहीत. नुसती ओल असती तर त्यांनी भाव पाडून मागितला असता. रंगामुळे विश्वासच गेला.

कायदाही हेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. म्हणून आधी गळती शोधा. स्लॅबची भेग की आतला पाइप? ती बंद करा, भिंत वाळू द्या, मगच रंग. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतींना भेगा पडतात. भेग वरवरची आहे की पायापर्यंत गेली आहे, हे गवंड्याला दाखवा आणि तो म्हणेल ते गिऱ्हाइकाला सरळ सांगा.

कॅमेरा तुमचा

फोटोंचं काम बाबांवर सोडू नका! लेन्स पुसा, मोबाइल आडवा धरा, खिडक्या उघडा आणि खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून छातीच्या उंचीवरून फोटो घ्या. फिल्टर नको. फोटोत महाल आणि प्रत्यक्षात दोन खोल्या, असं झालं तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. फोटोत घरातली माणसं, कागदपत्रं, दागिन्यांचं कपाट येऊ देऊ नका.

आणि एक फाइल तयार ठेवा. मालमत्ता पत्रक किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, खरेदीखत, कराची पावती, लाइट बिल, कर्ज असेल तर बँकेची कागदपत्रं. पाणी किती दिवसांनी येतं, हा प्रश्न येणारच. खरं तेच सांगा.

आजीला विचारा

स्टेजिंगचा एक नियम असा, की घरातले खासगी फोटो काढून ठेवायचे, म्हणजे पाहणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसतो. नियम बरोबर आहे. पण आजोबांचा हार घातलेला फोटो भिंतीवरून उतरवताना आजीकडे बघा. तुमच्यासाठी तो खिळा असतो, तिच्यासाठी चाळीस वर्षं असतात. आधी विचारा. देव्हारा तिला हलवायचा नसेल तर नका हलवू, फक्त स्वच्छ ठेवा.

आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलने तुमची उंची दरवर्षी कुणीतरी लिहून ठेवली असेल, तर रंगाचा पहिला हात बसण्याआधी तिचा एक फोटो काढून ठेवा. तो गिऱ्हाइकाला पाठवायचा नाही.