पार्क स्ट्रीटच्या समाधिशिळा आणि मीठ-साखरेचे पाणी

कोलकात्याचे साउथ पार्क स्ट्रीट कबरस्तान १७६७ साली सुरू झाले. तेथील मनोरे आणि पिरॅमिड प्रथम डोळ्यांत भरतात. मग शिळांवरील वये वाचू लागलो की पाऊल अडखळते. रोझ एल्मर, १८००, वय २०. कवी-शिक्षक हेन्री डेरोझिओ, १८३१, वय २२. संस्कृतज्ञ सर विल्यम जोन्स सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. या तरुणांच्या शेजारी ते वडीलधारेच म्हणायचे!

डेरोझिओंना पटकीने नेले, रोझला पोटाच्या तीव्र विकाराने. विल्यम हिकी या समकालीन आठवणीकाराने तर दोष अननसाच्या माथी मारला. पटकीच्या रुग्णाचे त्या काळी रक्त काढीत आणि पाऱ्याचे रेचक देत. देहातील पाणी झपाट्याने ओसरत असता उपचार उरलेलेही काढून घेत होते.

कोड्याची उकल याच शहरात झाली. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना येथील तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. या जंतूंच्या विषामुळे आतड्यात पाणी पाझरते, हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले. पुढे १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरली. ग्लुकोजच्या सोबतीने मीठ आणि पाणी आतड्यातून पुन्हा रक्तात शिरते, एवढाच त्यामागचा आधार. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पाणी पाजणारे हात बहुतांशी नातेवाइकांचेच होते, हे मला विशेष वाटते.

वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते. जुलाब होत असताना आजी ‘नको’ म्हणाल्या, तरी शरीराला पाणी हवेच असते. ओआरएसचे पाकीट घरी असावे. नसल्यास उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवावे आणि घोटघोट पाजत राहावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. जीभ कोरडी पडली, लघवी फारच कमी झाली, बोलण्यात असंबद्धता आली किंवा पोटात पाणी ठरेनासे झाले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.