कर्करोग आणि मेंदूची झीज: काही गैरसमज व वस्तुस्थिती

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेऱ्यासारख्या वनव्याप्त तालुक्यात, जेथे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा पाहुणचाराचा भाग होऊन बसला आहे आणि वृद्धांचे विस्मरण सहसा वयाच्या खात्यावर टाकले जाते, तेथे कर्करोग आणि मेंदूची झीज या दोन व्याधींचा परस्परसंबंध नीट समजून घेणे ही निव्वळ विद्वानांच्या कुतूहलाची बाब राहत नाही.

गैरसमज: या दोन रोगांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

वस्तुस्थिती: कर्करोगात पेशी विभाजनाची मर्यादा झुगारून मरण नाकारते, तर अल्झायमर व पार्किन्सन या विकारांत, प्रौढपणी सहसा न विभागणाऱ्या चेतापेशी अकाली मरतात, आणि पेशीने जगावे की मरावे याचा बंदोबस्त पाहणारी कित्येक प्रथिने दोन्हींकडे तीच आहेत. ‘पिन-१’ हे प्रथिन अनेक अर्बुदांत वाढलेले, तर अल्झायमरग्रस्त मेंदूत घटलेले आढळते. ज्याच्या बिघाडामुळे तरुणपणीच पार्किन्सन जडतो तो, १९९८ साली ओळखला गेलेला ‘पार्किन’ जनुक काही अर्बुदांतही निकामी झालेला दिसतो.

गैरसमज: कर्करोग होऊन गेलेल्यास स्मृतिभ्रंश होत नाही.

वस्तुस्थिती: अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, कर्करोगातून वाचलेल्यांना अल्झायमरचा धोका सुमारे ३३ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले, हे खरे, परंतु कमी धोका म्हणजे अभयपत्र नव्हे, कारण त्याच पाहणीत धूम्रपानाशी निगडित कर्करोगातून वाचलेल्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि पक्षाघातही स्मृती हिरावून नेतो. शिवाय हे नाते सर्वत्र विरोधाचेच आहे असेही नाही. पार्किन्सनच्या रुग्णांत त्वचेचा मेलानोमा हा कर्करोग सामान्यांहून अधिक आढळतो; आणि ‘एटीएम’ नामक एकाच जनुकाच्या जन्मजात बिघाडाने बालकाचा लहान मेंदू झिजतो व रक्ताच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

गैरसमज: तंबाखू मेंदूस तरतरी देते, म्हणून ती मेंदूचे रक्षण करते.

वस्तुस्थिती: धूम्रपान करणाऱ्यांत पार्किन्सन कमी आढळतो, ही नोंद जुनी आहे; तथापि पार्किन्सनच्या प्रारंभीच्या रुग्णांना निकोटिनच्या पट्ट्या देऊन केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोगाची गती मंदावली नाही. उलट धूम्रपानाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. आणि खर्ऱ्यातील सुपारी तर, तंबाखू वगळली तरीही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मानवास कर्करोगकारक ठरविली आहे. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून दारू आणि तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ अभियान चालविले जात आहे, ते याच कारणास्तव मोलाचे आहे.

कर्करोग आणि मेंदूची झीज हे पेशीच्या जगण्या-मरण्याच्या एकाच बंदोबस्ताचे दोन बिघाड असल्याने एकाचे औषध दुसऱ्यास उपयोगी पडेल काय, याचा शोध चालू आहे. परंतु त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडण्यास होणारी अडचण, किंवा घरातील वृद्धास ओळखीची वाट व नित्याचे व्यवहार न आठवणे, यांपैकी काहीही दिसताच वयाला वा दैवाला दोष न देता जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी, आणि खर्ऱ्याची पुडी आजच कायमची दूर ठेवावी.