फाडलेल्या दुधाचे पोटभर, हलके जेवण

दूध उतू गेले तर आपल्या घरात कोणी फारसे बोलत नाही, पण दूध नासले की सगळ्यांची तोंडे उतरतात. सासूबाई लगेच विचारतात, कोणी आंबट हात लावला? अशुभ म्हणून ते दूध गोठ्यामागे ओतून देणारी घरे आपल्या धर्मग्रामातही आहेत. ख्रिस्ती माणसाने असल्या शकुनाला भिऊ नये हे फादर वेदीवरून सांगतीलच. ह्या पानावर आम्हाला एवढेच सांगायचे आहे की, त्या ओतून दिलेल्या दुधात घरातले सर्वांत सकस अन्न असते, आणि ते मुद्दाम कसे करावे व त्यातून जड न होणारे जेवण कसे रांधावे हे शिकून घेण्यासारखे आहे.

चीज, पनीर हे शहरी लोकांचे, हॉटेलातले खाणे अशी आपली समजूत आहे. पण पवित्र शास्त्रात पाहा. इशायने आपल्या धाकट्या मुलाला, दावीदाला, रणांगणावर भावांची खबर घ्यायला पाठवले तेव्हा हजारांच्या सरदारासाठी त्याच्याबरोबर पनीराच्या दहा ढेपा दिल्या होत्या (१ शमुवेल, अध्याय १७). मेंढपाळाच्या घरचे खाणे होते ते. आणि आपल्याकडे चीज नव्हते असे म्हणणारे लोक खरवस आणि चक्का विसरतात. व्यालेल्या म्हशीच्या चिकाचा खरवस आणि दही फडक्यात टांगून केलेला चक्का ही दोन्ही चीजचीच भावंडे. चक्क्यात साखर घालून त्याचे श्रीखंड केले नाही आणि लसूण, मीठ, हिरवी मिरची घातली, तर भाकरीला लावायला त्यापरते दुसरे काही नको.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो ते दोन कारणांनी. पहिले कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. एका सणाच्या जेवणाला आम्ही मंडळींनी बाहेरून तयार पनीर आणले. वास जरा निराळा होता, पण मसाल्यात जाईल म्हणून पुढे ढकलले. रात्री बऱ्याच घरी पोटे बिघडली, लहान मुलांना सलाइन लावावे लागले. दोष पनीरचा, उन्हात झालेल्या प्रवासाचा की आमच्या निष्काळजीपणाचा, ते ठरवता येणार नाही. पण वास आल्यावर ते फेकायला हवे होते, ही चूक आमचीच. शिवाय बाजारात दुधाची चरबी काढून तिच्याऐवजी वनस्पती तेल घालून केलेले पनीरसारखे पदार्थही मिळतात. कायद्याने त्यावर तसे स्पष्ट लिहावे लागते, पण सुट्या मालावर कोण वाचणार?

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आम्हाला माहीत असलेल्या एका घरी कर्त्या पुरुषाला हृदयाचा झटका आला. डॉक्टरांनी चरबी कमी करा म्हणून सांगितले. घरच्या बाईने भीतीपोटी दूध, दही, अंडे, सगळेच बंद केले. दोन म्हशी दारात, सगळे दूध संकलन केंद्रात, आणि आजारी माणसाच्या ताटात भात व पातळ वरण. सहा महिन्यांत त्याचे दंड काडीसारखे झाले आणि साखर मात्र वाढली. डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितले होते, प्रथिने नव्हे. हा फरक त्या घरी कोणी समजावून सांगितला नाही, आणि आम्हीही शेजारी असून सांगितला नाही.

फरक साधा आहे. म्हशीच्या दुधात शेकडा सहा-सात भाग चरबी असते, गाईच्या दुधात साडेतीन-चार. सरकीची पेंड खाणाऱ्या आपल्या म्हशींचे दूध तर चांगलेच दाट. संध्याकाळचे दूध तापवून रात्रभर थंड ठेवले आणि सकाळी जाड साय काढली की सगळी नाही पण बरीच चरबी सायीबरोबर जाते. साय तुपाला ठेवा. उरलेल्या दुधात प्रथिने तशीच राहतात. पनीर करायचे ते ह्या दुधाचे. अख्ख्या म्हशीच्या दुधाचे लिटरमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर पडते. साय काढलेल्या दुधाचे सव्वाशे-दीडशे ग्रॅम. वजन कमी पडले म्हणून हळहळू नये, कमी झाले ते मुख्यतः तूप आहे, आणि ते बरणीत आहे.

करण्याची रीत. दूध चांगले उकळावे. ह्यात कुचराई नको, कारण गाभण जनावर टाकण्याचा जो सांसर्गिक रोग आहे, ब्रुसेलोसिस, तो कच्च्या दुधातून माणसाला होतो आणि महिनोन्महिने ताप व सांधेदुखी पाठ सोडत नाही. उकळल्यावर चुलीवरून उतरवून पाच-सात मिनिटे थांबावे. नेमके येथेच बहुतेकींचे चुकते. खळखळत्या दुधात लिंबू पिळले की पनीर रबरासारखे होते, आणि साय काढलेल्या दुधाचे तर दातांखाली चिवट लागते. थोडे निवू द्यावे. मग लिटरमागे दोन चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून, अथवा वाटीभर आंबट ताक, थोडे थोडे घालत एकाच दिशेने हळू ढवळावे. हिरवट पिवळे पाणी वेगळे दिसले की आणखी आंबट घालू नये. फडक्यात गाळून एकदा गार पाण्याने धुवावे. वर पाटावरवंटा ठेवून दडपण्याची जरुरी नाही. नुसते पिळून टांगावे. मऊ, भुसभुशीत पनीरच आपल्याला हवे आहे. तळायच्या चौकोनी वड्या हॉटेलवाल्यांना लखलाभ.

ज्या म्हशीला काससुजी झाली आहे तिचे दूध ह्या कामी घेऊ नये. ते नीट फाटत नाही आणि खाण्यासही योग्य नाही. इंजेक्शन दिले असेल तर किती दिवस दूध वापरायचे नाही हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे. तसेच दूध आपोआप फाटले, वास गोड आहे आणि ते उकळलेले आहे, तर शिजवून खाता येते. कडू, तार सुटणारे किंवा कुबट वासाचे असेल तर मात्र खुशाल टाकावे. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात दूध, ताक, पनीरचे पाणी काही ठेवू नका. २०१७ साली पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने किती शेतकरी व शेतमजूर दगावले ते आपण विसरलेलो नाही. पैनगंगेच्या ह्या काठाला कापूसही तोच आहे आणि औषधेही तीच.

आता जेवणाकडे वळू. थंडीच्या दिवसांत आदिलाबादचा गारठा सगळ्या तेलंगणात प्रसिद्ध. पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. अशा रात्री काहीतरी गरम, लापशीसारखे, पोटाला ऊब देणारे हवेसे वाटते. विलायतेत अशा वेळी मॅकरोनीवर भरपूर चीज घालून खातात. त्यात मैदा, लोणी, चीज असे सगळेच जड असते. आमच्याकडे त्याला तोडीस तोड म्हणजे ज्वारीच्या कण्या आणि अंबाडी. पूर्वी घरोघरी होत. रेशनचा तांदूळ आला तशा मागे पडल्या, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेलंगणात रेशनवर बारीक तांदूळ फुकट मिळू लागल्यावर तर ज्वारी विकायचीच असे झाले. तांदूळ मिळतो हे चांगलेच, पण तिन्ही त्रिकाळ भात हे साखरेच्या रोग्याला परवडणारे नाही.

पाच माणसांना दीड वाटी कण्या दोन-तीन तास भिजत घालाव्यात. कुकरमध्ये चौपट पाणी घालून चार-पाच शिट्ट्या द्याव्यात. पाण्यातले निम्मे पनीरचे निवळ पाणी असावे. त्यात ब जीवनसत्त्वे असतात आणि कण्यांना किंचित आंबूस गोडी येते. दुसरीकडे दोन चमचे तेलात जिरे, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग चिरलेली अंबाडी परतावी. अंबाडी फार आंबट असेल तर आधी वाफवून पाणी काढावे. त्यात मूठभर शिजलेली तूरडाळ, शिजलेल्या कण्या आणि मीठ घालून रटरट शिजू द्यावे. दीड लिटर साय काढलेल्या दुधाचे पनीर हाताने कुसकरून अगदी शेवटी घालावे, एकदाच ढवळून झाकण ठेवावे. आधी घातले तर कडक होते. ताटात वाढल्यावर हौसेने अर्धा चमचा तूप सोडावे. झटका आलेल्या माणसाने तेही न सोडल्यास बरे.

ज्वारीच्या प्रथिनात जो घटक कमी असतो तो दुधात आणि डाळीत भरपूर असतो. म्हणून ही तिन्ही एका ताटात आली की एकमेकींचे उणे भरून काढतात. नुसत्या भाकरीने किंवा नुसत्या पनीरने हे साधत नाही.

वांग्याचे भरीतही असेच करावे. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजून, सोलून, कांद्याच्या पातीबरोबर परतावीत आणि उतरवताना मूठभर पनीर किंवा चक्का मिसळावा. तेल निम्म्याने कमी लागते, कारण ओलावा व चव पनीरच देते. थालीपिठाच्या पिठात पनीर मळले तर तव्यावर तेल सोडायची गरज जवळजवळ उरत नाही. बाजारातले चीज घरात असेल, मुले हट्ट करतात, तर त्याचा बारीक कीस शेवटी वरून भुरभुरावा; आत मिसळलेले चीज दिसत नाही आणि चौपट लागते. त्या चीजमध्ये मीठ बरेच असते, तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी त्या दिवशी भाजीत मीठ निम्मेच घालावे. घरच्या पनीरात आपण मीठ घालतच नाही, हा त्याचा मोठा गुण.

सोयाबीन आपल्याकडे पोत्याने पिकते आणि सगळे मोंढ्यात जाते. त्यातले शेरभर घरी ठेवावे. रात्रभर भिजवून, सोलून, गरम पाण्यात वाटून गाळावे आणि ते दूध वीस मिनिटे उकळावे. कच्चे सोया दूध पचत नाही. एक भाग सोया दूध व दोन भाग साय काढलेले म्हशीचे दूध एकत्र करून फाडले तर पनीर मऊ होते आणि आंबट ताकामुळे सोयाचा कच्चट वासही दबतो. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे ह्यासाठी चुकूनही घेऊ नये, धुऊनही नाही. उरलेल्या बियाण्याच्या पिशव्या स्वयंपाकघरापासून दूर ठेवाव्यात.

काही भगिनी विचारतात, रक्त कमी असणाऱ्यांनी पनीर खावे का? खावे, पण त्याने रक्त वाढेल ही आशा धरू नये. दुधात लोह जवळजवळ नसते, आणि कॅल्शियममुळे दुसऱ्या अन्नातले लोह अंगी लागायला अडथळा होतो. लोहाच्या गोळ्या पनीरच्या जेवणाबरोबर न घेता वेगळ्या वेळी, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज प्रथिने वाढवू नयेत. उलट दूध प्यायले की ज्यांचे पोट फुगते, आणि अशी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांना पनीर बहुधा सोसते, कारण दुधातली साखर पाण्याबरोबर निघून जाते.

उपवासकाळाचा प्रश्नही येतो. आपल्या सिरो-मलबार रीतीप्रमाणे महाउपवास सोमवारी सुरू होतो, आणि केरळहून आलेल्या सिस्टर सांगतात की त्यांच्या आजोळी त्या पन्नास दिवसांत मांस-मासळीच नव्हे तर दूधदेखील वर्ज्य असे. ज्यांना तो कडक नेम पाळायचा आहे त्यांनी पाळावा. इतरांना शुक्रवारी मांस टाळताना कण्या-पनीर चालतात. पण मांस टाळून पनीर मखनीची मेजवानी झोडणे हा कसला उपवास, असे आमचे मत आहे, आणि ते कोणाला लागले तर लागो.

आधी सांगितलेल्या घरात आता दररोज दीड लिटर दूध केंद्रात न जाता घरी राहते. चार पैसे कमी येतात, त्यावरून सुरुवातीला सुनेशी खटके उडाले. गृहस्थ पुन्हा सकाळी धुऱ्यापर्यंत चालत जातात. गोळ्या चालू आहेत, त्या बंद करायच्या नाहीत.

पनीर त्याच दिवशी संपवावे. फ्रिज असेल तर पाण्यात बुडवून दोन दिवस, त्याहून जास्त नाही. एप्रिल-मेच्या उन्हात फ्रिजबाहेर चार तासही नको. निवळ पाणी उरले तर भाकरीचे पीठ त्यात भिजवावे, वासराला किंवा कोंबड्यांना द्यावे. त्यातले तांब्याभर मात्र झाकून ठेवावे. दुसऱ्या दिवसापर्यंत ते आंबते, आणि पुढचे दूध फाडायला लिंबू विकत आणावे लागत नाही.