उष्णता आणि रेडिओचा सूर

२६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला आणि भूजचे टेलिफोन मुके झाले, तेव्हां हौशी रेडिओचालकांनीं निरोपांची देवघेव केली. अशा वेळीं प्रेषक, ग्राहक आणि शक्तिवर्धक एकाच पेटींत बसविलेलें यंत्र तासन्‌तास राबत असतें. सोय मोठी, पण एकाच खोलींत भट्टी आणि तंबोरा ठेवावा, तशी ही मांडणी आहे.

भट्टी म्हणजे शक्तिवर्धक. १३.८ व्होल्ट दाबानें २० अँपिअर प्रवाह घेणारें यंत्र सुमारें २७५ वॅट शक्ति खातें. त्यांतील १०० वॅट अँटेनाकडे जातात. उरलेल्या पावणेदोनशें वॅटांची उष्णता होते. तंबोरा म्हणजे क्वार्ट्झचा, आपल्या गारगोटीच्याच जातीच्या स्फटिकाचा, पातळ तुकडा. विजेच्या योगानें तो ठराविक गतीनें कंप पावतो आणि त्यावरून यंत्राची कंपनसंख्या ठरते. त्याचें तापमान बदललें, कीं सूर ढळतो. १९३४ सालीं स्फटिक विशिष्ट कोनांत कापण्याची ‘एटी’ पद्धति पुढें आली. तिनें हा दोष पुष्कळ कमी केला, पण नाहींसा केला नाहीं.

दहा लाखांत एक भाग एवढाच फरक पडला, तरी १४ मेगाहर्ट्झवर तो १४ हर्ट्झ आणि १४४ मेगाहर्ट्झवर १४४ हर्ट्झ होतो. पहिला कानास फारसा खटकत नाहीं. दुसऱ्यानें सिंगल साइडबँड पद्धतींत माणसाचा आवाज विकृत होतो. २०१७ सालीं निघालेल्या ‘एफटी-८’ या संकेतपद्धतींत तर लगतच्या दोन स्वरांत अवघें ६.२५ हर्ट्झ अंतर असतें, आणि एक संदेश सुमारें साडेबारा सेकंद चालतो. तेवढ्यांत सूर सरकत राहिला, तर क्षीण संदेश ऐकणाऱ्याच्या हातून निसटतो.

येथें एक मर्म लक्षांत घ्यावें. उष्णता हा खरा शत्रु नव्हे. उष्णतेचा चढउतार हा शत्रु होय. बोलतांना पेटी तापते, ऐकतांना निवते. आणि मध्येंच पंखा सुरू होऊन गार झोत स्फटिकावर आला, तर रक्षकच उपद्रव करतो. म्हणून नाजूक कामाच्या यंत्रांत उलटाच उपाय योजतात. स्फटिक लहानशा बंद कोठडींत ठेवून ती सदैव एकाच तापमानावर, बहुधा ७५ ते ८० अंश सेंटिग्रेडच्या आसपास, गरम राखतात. बाहेर उन्हाळा असो वा हिवाळा, आंत ऋतु एकच. याहून स्वस्त उपाय म्हणजे तापमान पाहून तितकीच उलट दुरुस्ती करणारें मंडल स्फटिकास जोडणें.

चालकाच्या हातींही पुष्कळ आहे. यंत्र अर्धा तास आधीं सुरू करावें. पंखा आरंभापासूनच मंद चालू ठेवावा. पेटीचे झरोके पुस्तकांनीं किंवा कापडानें झांकूं नयेत. आणि ५० वॅटांत निरोप पोंचत असेल, तर १०० खर्चूं नयेत. एरवीं संकटांत जिच्यावर भिस्त ठेवावयाची, तीच पेटी ऐन वेळीं बेसूर होईल.