दृष्टिपटलाचे दफ्तर

मधुमेहाने माझ्या देहात बिऱ्हाड केले त्याला आता बारा वर्षे होत आली, आणि या भाडेकरूच्या वर्तणुकीचा दाखला घेण्यासाठी मी वर्षातून एकदा नेत्रवैद्याच्या पायऱ्या चढतो. परिचारिका डोळ्यांत थेंब टाकते, ते चुरचुरतात, आणि मग अर्धा तास मिटल्या पापण्यांनी, शेजारच्या बाकावरील मंडळींच्या साखरेचे आकडे ऐकत बसावे लागते. बाहुली पुरेशी रुंदावली की हनुवटी टेकूवर आणि कपाळ पट्टीला लावायचे, आतल्या हिरव्या ठिपक्याकडे पाहायचे. ‘हलू नका हं काका’ हे शब्द कानावर येतात न येतात तोच लखकन उजेड पडतो आणि काही क्षण सारी खोली जांभळी होऊन जाते. पुढे दृष्टिपटलाचे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, जे चित्र उमटते ते मात्र रोगाचा विसर पडावा इतके देखणे असते: केशरी वर्तुळ, त्यात नाकाच्या अंगाला एक फिकट पिवळी चकती, आणि तिच्यातून चौफेर फाकलेल्या रक्तवाहिन्या, उंचावरून पाहिलेल्या नदीच्या फाट्यांसारख्या. गेल्या खेपेस मी डॉक्टरांना म्हटले, ‘तीन वर्षांपूर्वीचे चित्र याच्या शेजारी ठेवून दाखवता का?’ डॉक्टरांनी मदतनिसाकडे पाहिले, मदतनिसाने संगणकाकडे पाहिले आणि सांगितले, ‘मशीन बदललं ना साहेब, जुनं सगळं गेलं.’

त्या ‘गेलं’ने मला बरेच दिवस छळले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीने या देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचे सांगितले. त्यांतल्या थोड्यांच्याच दृष्टिपटलाचे छायाचित्र निघत असले, तरी गावोगावच्या दवाखान्यांतून अशी किती चित्रे दरवर्षी निघतात, एकदा पाहिली जातात आणि यंत्र बदलले की नाहीशी होतात, याची गणती कोणापाशी नाही. जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र इंग्लंडात १८८६ साली निघाले तेव्हा त्या बिचाऱ्याला अडीच मिनिटे डोळा स्थिर ठेवावा लागला होता. तेच चित्र आज डोळ्याचे पाते लवायच्या आत निघते, आणि बहुधा म्हणूनच ते जपून ठेवावेसे कोणाला वाटत नाही. अशा चित्रांचे एक राष्ट्रीय दफ्तर असायला हवे, असे मला वाटू लागले.

गंमत अशी की डोळ्यांच्या चित्रांचे एक राष्ट्रीय दफ्तर आपल्यापाशी आधीच आहे, आणि त्याचा आकार पाहून कोणीही दिपून जावे. आधारच्या भांडारात शंभर कोटींहून अधिक माणसांच्या बुबुळांच्या प्रतिमा आहेत. परंतु ते दफ्तर माणूस ओळखण्यासाठी उभारलेले. २०१६च्या कायद्याने त्यातील बुबुळाचा ठसा अन्य कोणत्याही कामी वापरण्यास मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. शिवाय बुबुळ हे डोळ्याचे दर्शनी दार. मधुमेहाची पडझड होते ती माजघरात, दृष्टिपटलावर. आधारला चित्रावरून नाव हवे असते; वैद्यकाला हवे असते ते नाव पुसलेले चित्र, पण त्यासोबत वय, रोगाची मुदत, कॅमेऱ्याची जात आणि जाणत्याचा शेरा.

या शेऱ्यापाशीच सारे घोडे अडते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांना कधी तोटा नव्हता. रुमालांच्या थप्प्या शतकभर बांधलेल्या पडून होत्या. मोडी वाचणारे कारकून बसले, एकेक कागद उलगडून त्याचा मजकूर, तारीख व संदर्भ लावला गेला आणि रियासतकार सरदेसायांच्या संपादकत्वाखाली निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले, तेव्हा कुठे त्या थप्प्यांतून इतिहास बोलू लागला. दृष्टिपटलाच्या चित्रांचेही तसेच आहे. संगणकाला रोग ओळखायला शिकवायचे तर आधी कोणी तरी प्रत्येक चित्रावर बोट ठेवून ‘हा रक्तस्राव, हा साका, हे निरोगी’ असे सांगावे लागते, आणि ते काम फुकट किंवा झटपट होत नाही.

ते किती चिवट काम आहे याचा उत्तम दाखला आपल्याच मराठवाड्यात आहे. नांदेडच्या विष्णुपुरी येथील श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी तेथील एका नेत्रचिकित्सालयात २००९ ते २०१७ या काळात झालेल्या हजारो तपासण्यांतून ५१६ चित्रे निवडली आणि मधुमेही दृष्टिपटलविकाराचा भारतीय चित्रसंग्रह म्हणून ती २०१८ साली जगाला खुली केली. प्रत्येक चित्र आडवे ४,२८८ आणि उभे २,८४८ बिंदूंचे, म्हणजे एकेका डोळ्यात सुमारे १ कोटी २२ लाख बिंदू. सर्व चित्रांना विकाराची पायरी शून्य ते चार अशी लावली. पण खरी कसोटी लागली ती ८१ चित्रांत, कारण त्यांतील प्रत्येक दोषाची सीमारेषा बिंदूबिंदूने आखलेली आहे. केशवाहिनीला आलेला सूक्ष्म फुगवटा म्हणजे या कोट्यवधी बिंदूंच्या पटावरील तांबडा कण, चित्र मोठे केल्याशिवाय नजरेस न येणारा. आणि असे कण एकेका डोळ्यात डझनांनी. कापसाच्या पुंजक्यासारखे मऊ डाग ८१पैकी अवघ्या ४० चित्रांत सापडले. एवढ्याशा संग्रहावर त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्पर्धा झाली, आणि नांदेडच्या रुग्णांचे डोळे देशोदेशींच्या प्रयोगशाळांचे धडे झाले. २०२१ साली याच संस्थेच्या पुढाकाराने ३,२०० चित्रांचा, ४६ विकारांची नोंद असलेला दुसरा संग्रह निघाला. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनी याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही, असे माझे मत आहे.

एवढे करूनही ५१६ चित्रे एका गावची, एका कॅमेऱ्याची. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या दफ्तराला ते पुरणारे नाही. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी यंत्राला शिकवण्यासाठी १,२८,१७५ चित्रे वापरली, त्यांत भारतातील तीन नेत्ररुग्णालयांची चित्रेही होती. एकेक चित्र ५४ वैद्यांच्या मंडळातील तीन ते सात जणांनी तपासले, कारण तज्ज्ञांचेही आपसांत एकमत होत नाही, आणि तेच चित्र पुन्हा पुढे ठेवले तर कधी कधी स्वतःशीही होत नाही. इतकी सिद्धता करून ही विद्या थायलंडमधील अकरा दवाखान्यांत गेली, तेव्हा तेथील परिचारिकांनी साध्या, उजेड असलेल्या खोल्यांत काढलेल्या १,८३८ चित्रांपैकी २१ टक्के यंत्राने अस्पष्ट म्हणून परत फेकली. प्रयोगशाळेतल्या दफ्तरात खिडकीतल्या उन्हाला जागा नव्हती. म्हणून मला वाटते, आपल्या भांडारात वाईट चित्रेही हवीत: मोतीबिंदूआडून धूसर निघालेली, थरथरत्या म्हाताऱ्यांची, विजेच्या लपंडावात काढलेली.

आणि कोणाचे डोळे त्यात नाहीत, याचाही हिशेब हवा. ब्रिटनमधील यूके बायोबँक या विख्यात संग्रहात पाच लाख स्वयंसेवक आहेत, त्यांतील सुमारे ६८ हजारांच्या डोळ्यांची चित्रे आहेत. परंतु ज्यांना निमंत्रण गेले त्यांतले जेमतेम साडेपाच टक्केच आले, आणि आलेले बहुतांशी गोरे, सुस्थितीतले व प्रकृतीने बरे होते. २०२१ साली जगातील खुल्या नेत्रचित्रसंग्रहांची मोजदाद झाली तेव्हा ९४ संग्रह आणि पाच लाखांवर चित्रे भरली, पण बहुतेकांत रुग्णाचे वय व लिंगही धड नोंदलेले नव्हते. आपल्याकडेही दवाखान्याच्या दारापर्यंत पोचलेल्यांचेच दफ्तर तयार होईल. मेळघाटातील बाईचा डोळा त्यात यायचा तर कॅमेरा तिच्या गावी गेला पाहिजे, आणि तिला कळेल अशा बोलीत संमती विचारली गेली पाहिजे.

संमतीचा प्रश्न मी हलका मानीत नाही. रक्तवाहिन्यांची नक्षी प्रत्येक डोळ्यात निराळी असते हे न्यूयॉर्कमधील दोन वैद्यांनी १९३५ सालीच दाखवून दिले. आणि २०१८ साली यंत्राने दृष्टिपटलावरून माणूस बाई की पुरुष हे बहुतेक वेळा अचूक सांगितले, जे निष्णात नेत्रवैद्यालाही जमत नाही. नाव पुसले की ओळख पुसली, असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही. २०२३च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्याने संशोधनाला सवलत दिली आहे. त्या सवलतीचा अर्थ ‘विचारायची गरज नाही’ असा कोणी लावू नये. थेंब टाकल्यावर धूसर नजरेने रुग्णाने ज्या कागदावर सही केली, ती सही मी तरी संमती मानणार नाही. कागद थेंबांच्या आधी पुढे ठेवावा.

माझे तीन वर्षांपूर्वीचे चित्र आता मिळणार नाही. वाचकांपैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पडदा तपासून घ्यावा, निघताना चित्राची नक्कल तारखेसह मागून घ्यावी, आणि संशोधनासाठी कोणी ते चित्र मागितले तर कुठे ठेवणार, कोण पाहणार आणि किती वर्षे, एवढे तीन प्रश्न विचारून मग खुशाल द्यावे.