पाचव्या पायरीवरची 'वरची' लीग

२०१९ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे बर्लिनला होतो. परदेशातल्या मुलीकडे गेलेल्या निवृत्त बापाने जे जे करायचं असतं, म्हणजे सकाळी फिरायला जाणं, भाजीच्या किमतीला ऐंशीने गुणून हळहळणं आणि संग्रहालयं पाहून गुडघे दुखवून घेणं, ते सगळं पहिल्या दोन आठवड्यांतच उरकलं होतं. मुलगी आणि जावई दिवसभर कामावर. खालच्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ एकटेच राहत. पूर्व बर्लिनमधल्या केबलच्या कारखान्यात उभी हयात फिटर म्हणून काढलेले. त्यांना शाळेत परकी भाषा म्हणून रशियन शिकवलेली, माझी गाडी इंग्रजीपाशी थांबलेली. त्यामुळे जिन्यात भेटलो की आम्ही दोघं नुसतेच माना डोलवायचो. एका रविवारी त्यांनी मुलीमार्फत निरोप धाडला, "बाबांना फुटबॉल पाहायचाय का?"

मला वाटलं, हजारोंच्या गर्दीचं, दिव्यांच्या झगमगाटाचं स्टेडियम असेल. प्रत्यक्षात ट्रामने लिश्टेनबेर्ग भागात उतरलो तर समोर जुनं, मातीच्या उतारावर पायऱ्या बांधलेलं मैदान. नाव हान्स झोश्के मैदान. हा झोश्के फुटबॉल खेळणारा कामगार आणि हिटलरविरोधी चळवळीतला कार्यकर्ता. १९४४ मध्ये नाझींनी त्याला मृत्युदंड दिला. आम्ही मुद्दाम कुंपणाच्या बाजूने फिरून आत गेलो. पलीकडे करड्या इमारतींची रांग होती. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, स्टासीचं, ते मुख्यालय. आता तिथे संग्रहालय आहे. मैदानात काही शेकडा माणसं, बहुतेक एकमेकांना नावाने ओळखणारी. भाजलेल्या सॉसेजचा वास सुटलेला. मी पावाला मोहरी लावून भागवलं. खेळ जोरकस होता, नजाकत बेताची.

"ही ओबरलिगा," गृहस्थ म्हणाले. मुलीने अर्थ सांगितला : 'ओबर' म्हणजे वरचं. वरची लीग.

"कितव्या क्रमांकाची?" मी विचारलं.

"पाचव्या."

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. कागदावरचं नाव आणि प्रत्यक्षातली पत यांच्यातलं अंतर मोजणं हाच माझा धंदा. पण इतक्या उघडपणे, नाव तेच ठेवून पाचव्या पायरीवर उतरलेलं खातं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी या लीगच्या मागे लागलो. मुलगी म्हणाली, "बाबा, तू आता जर्मन फुटबॉलचं ऑडिट करणार!" तसंच झालं म्हणायचं.

तर ही ओबरलिगा एके काळी खरोखरच वरची होती. १९४९ मध्ये पूर्व जर्मनी हा देश झाला, आणि त्याच साली १४ संघांनिशी त्याची सर्वोच्च लीग सुरू झाली. संघांची नावं ऐकली तर एखाद्या औद्योगिक वसाहतीत शिरल्यासारखं वाटतं. मोटर, श्टाल म्हणजे पोलाद, केमी म्हणजे रसायन, लोकोमोटिव्ह म्हणजे रेल्वे, टर्बाइन, एनर्गी, विस्मुट. प्रत्येक संघामागे एक कारखाना किंवा एखादं खातं. खेळाडू कागदोपत्री हौशी. पगारपत्रकावर फिटर, वायरमन, कारकून. आपल्याकडच्यांना यात नवल वाटायला नको. आमच्या बँकेतही खेळाडूंच्या कोट्यातून आलेले दोन-तीन कबड्डीपटू होते. ते सह्या करून सरावाला जात आणि त्यांचं लेजर आम्ही लिहीत असू. मात्र सामना जिंकला की कॅन्टीनमध्ये आम्हीच छाती काढून फिरायचो.

पहिलं विजेतेपद १९५० मध्ये त्स्विकाउ गावच्या मोटार कारखान्याच्या संघाला, होर्शला, मिळालं. निर्णायक सामन्यात त्यांनी ड्रेस्डेनच्या फ्रीडरिशश्टाट संघाला ५-१ असं हरवलं. प्रेक्षक इतके खवळले की मैदानात घुसले. ड्रेस्डेनचा तो जुन्या मध्यमवर्गी वळणाचा संघ सरकारच्या डोळ्यांवर आलाच होता. तो मोडला, आणि त्यातले बरेच खेळाडू पश्चिमेकडे निघून गेले. त्यांच्यातला एक हेल्मुट श्योन. पुढे १९७४ चा विश्वचषक पश्चिम जर्मनीने जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच! आणि गंमत पाहा, त्याच स्पर्धेत हॅम्बुर्गला पूर्व जर्मनीने त्याच्या संघाला १-० हरवलं होतं.

इथे संघ म्हणजे खुर्चीसारखी हलवायची वस्तू होती. १९५४ मध्ये ड्रेस्डेनच्या डायनॅमोचा संघ उचलून बर्लिनला नेला. त्याच वर्षी लाउटर नावाच्या छोट्या डोंगरी गावचा संघ चालू हंगामात थेट समुद्रकाठच्या रोस्टॉकला नेला, कारण किनाऱ्यावर चांगला संघ नव्हता! आजचा हान्सा रोस्टॉक त्याच मुळातून वाढला. १९६३ मध्ये लाइपझिगमधले उत्तम खेळाडू वेचून एका क्लबात घातले आणि उरलेसुरले केमी लाइपझिगच्या गळ्यात मारले. लोकांनी त्या संघाला 'लाइपझिगचा उरलेला गाळ' अशा अर्थाचं नाव दिलं. १९६४ मध्ये त्या उरलेल्यांनी, आल्फ्रेड कुन्झे या प्रशिक्षकाच्या हाताखाली, देशाचं विजेतेपद पटकावलं. आज त्यांच्या मैदानाला कुन्झेंचंच नाव आहे.

मैदानाशेजारच्या करड्या इमारतींत स्टासीचा प्रमुख एरिक मिल्के बसायचा. बर्लिनचा डायनॅमो हा त्याचा लाडका संघ. १९७९ ते १९८८ ही सलग दहा वर्षं विजेतेपद त्यांच्याकडेच राहिलं. रेफरी त्यांच्या बाजूने शिट्टी वाजवतात अशी प्रेक्षकांची पक्की समजूत होती. १९८६ मध्ये लाइपझिगला वेळ संपल्यावर दिलेल्या एका पेनल्टीने तर इतका गदारोळ झाला की त्या रेफरीला घरी बसवावं लागलं. मी गृहस्थांना मिल्केबद्दल विचारलं. त्यांनी कुंपणाकडे नुसती मान वळवली आणि पुन्हा खेळ पाहू लागले. ते युनियन बर्लिनचे. त्यांच्या कारखान्याच्या ओबरश्योनेवायडे वस्तीने, तिथल्या फिटर-लोहारांनी, जिवापाड जपलेला हा संघ. डायनॅमोशी त्यांचं हाडवैर.

पण या लीगला निव्वळ सरकारी खेळणं म्हणू नये. ८ मे १९७४ रोजी रॉटरडॅमला मागडेबुर्गच्या संघाने ए. सी. मिलानला २-० हरवून युरोपचा कपविजेत्यांचा चषक जिंकला, तो संघ सगळा मागडेबुर्ग जिल्ह्यातल्या पोरांचा होता. कार्ल झाइस येना १९८१ मध्ये आणि लोकोमोटिव्ह लाइपझिग १९८७ मध्ये त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले.

मग १९८९ च्या नोव्हेंबरात भिंत पडली. काही आठवड्यांतच बर्लिन डायनॅमोचा आंद्रेआस थॉम लेव्हरकुसेनला गेला. पाठोपाठ १९९० मध्ये किर्स्टन, झामर, डॉल, सगळे पश्चिमेला. १ जुलै १९९० रोजी पश्चिमेचा मार्क पूर्वेत चालू झाला. पगार एकास एक दराने बदलले. बचत वयाप्रमाणे दोन, चार किंवा सहा हजारांपर्यंत एकास एक, त्यापुढची दोनास एक. एका रविवारी एवढं चलन बदलणाऱ्या त्या काउंटरवरच्या लोकांना माझा नमस्कार! लोकांच्या हाती खरा पैसा आला. पण कारखान्यांनाही आता पगार त्याच खऱ्या पैशात द्यायचे होते, आणि त्यांचा माल घेणारं कोणी उरलं नाही. सुमारे आठ हजार सरकारी उद्योग विकायला किंवा बंद करायला एक महामंडळ बसलं. कारखान्याचा ताळेबंद लिहिताना फुटबॉल संघाचा खर्च हा पहिला काटायचा आकडा असतो. मी असे ताळेबंद तपासले आहेत. मीही तोच काटला असता.

ब्रांडेनबुर्गच्या पोलाद कारखान्याचा संघ १९८६ मध्ये युएफा चषकात खेळला होता. १९९३ मध्ये तिथली शेवटची भट्टी विझली. आता ती भट्टी हे संग्रहालय आहे.

आता एक विरोधाभास पाहा. थॉम ज्या लेव्हरकुसेनला गेला तो संघसुद्धा कारखान्याचाच, बायर या औषध-रसायन कंपनीचा, १९०४ पासूनचा. वोल्फ्सबुर्ग फोक्सवागनचा. म्हणजे कारखान्याचा संघ असणं हे पाप नव्हतं. पश्चिमेचे कारखाने टिकले, त्यांचे संघ टिकले, एवढंच.

ओबरलिगाचा शेवटचा हंगाम १९९०-९१ चा. अर्ध्या वाटेत देशच नाहीसा झाला, त्यामुळे लीगला ईशान्य जर्मनीच्या नव्या संघटनेचं नाव लागलं. त्या नोव्हेंबरात लाइपझिगला सामन्याआधीच्या दंगलीत पोलिसांच्या गोळीने बर्लिनचा एक अठरा वर्षांचा मुलगा मेला. हंगामअखेर हिशेब झाला : १४ पैकी दोघांना, रोस्टॉक आणि ड्रेस्डेनला, बुंडेसलिगात जागा, सहांना दुसऱ्या श्रेणीत, उरलेले सहा तिसऱ्या श्रेणीत. आणि या तिसऱ्या श्रेणीचं नाव? ओबरलिगाच! युरोपचा चषक जिंकलेलं मागडेबुर्ग आणि दहा विजेतेपदांचं बर्लिन डायनॅमो, दोघंही त्यात होते. १९९४ मध्ये मध्ये एक नवी लीग घातली आणि ओबरलिगा चौथी झाली. २००८ मध्ये आणखी एक घातली, ही पाचवी झाली. उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत ती चालते. कोणी तिला खाली ढकललं असं म्हणता येत नाही. वर मजले चढत गेले.

पुढची वर्षं म्हणजे दिवाळखोरीची वहीच आहे. ड्रेस्डेनला १९९५ मध्ये परवाना नाकारला. २००० ते २००२ हा संघ ओबरलिगात होता. मागडेबुर्ग २००१ मध्ये वर चढलं, २००२ मध्ये पैसे संपून परत आलं. येनाच्या शेजारचं एर्फुर्ट २०२० मध्ये चालू हंगामातून बाहेर पडलं आणि ओबरलिगापासून नव्याने सुरू झालं. लोकोमोटिव्हचे वारस तर २००४ मध्ये थेट अकराव्या श्रेणीत उतरले. आणि २००९ मध्ये लाइपझिगलाच रेड बुल या पेयकंपनीने मार्करानश्टाट नावाच्या उपनगरी क्लबाची ओबरलिगातली जागा घेतली. क्लबाला जाहिरातदाराचं नाव देता येत नाही म्हणून 'राझनबॉलस्पोर्ट', म्हणजे हिरवळीवरचा चेंडूखेळ, असं नाव शोधून आद्याक्षरं जुळवली. पहिल्याच वर्षी ते वर गेले, आणि २०१६ मध्ये बुंडेसलिगात. पोलाद, रसायन, रेल्वे ही नावं जुनाट म्हणून पुसली गेली होती. त्यांच्या जागी पेयाची आद्याक्षरं आली.

मला मात्र १९९३ च्या युनियनने जास्त अस्वस्थ केलं. त्या वर्षी तिसऱ्या श्रेणीच्या ओबरलिगातून वर जाण्याची फेरी युनियनने जिंकली. मैदानावर जिंकली. पण परवान्यासाठी पैशाची हमी लागते. क्लबाने दिलेली बँक गॅरंटी बनावट निघाली, आणि वरची जागा शहराच्या पश्चिमेकडच्या टेनिस बोरुसियाला गेली. पुढच्या वर्षीही पैशापायी परवाना मिळाला नाही.

हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. नव्वदीच्या सुरुवातीला मी एका औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत कर्जविभाग पाहत होतो. परगावच्या एका बँकेच्या नावाची गॅरंटी एका पार्टीने आणली. शिक्के ठीक, कागद जाड, इंग्रजी झोकदार. उलटटपाली खातरजमा करायची असते. मार्चअखेरची गडबड होती. मी फाइलवर सही केली आणि खातरजमा मागे टाकली. चार महिन्यांनी कळलं की तो कागद खोटा होता. तोवर त्या कागदाच्या भरवशावर माल देणारा एक छोटा वर्कशॉपवाला बुडाला होता. चौकशी झाली, माझी एक वेतनवाढ थांबली. त्या वर्कशॉपमध्ये अकरा माणसं होती. त्यांचं पुढे काय झालं हे विचारायला मी कधी गेलो नाही.

युनियनची माणसं मात्र गेली नाहीत. २००४ मध्ये परवान्याला पैसे कमी पडले तेव्हा लोकांनी रक्तदान करून मिळालेले पैसे क्लबाला दिले. २००५ मध्ये युनियन चौथ्या श्रेणीच्या ओबरलिगात होती. तिथे तिने जुन्या वैऱ्याला, डायनॅमोला, ८-० हरवलं. २००८-०९ मध्ये मैदान दुरुस्त करायला पैसे नव्हते, तर दोन हजारांवर लोकांनी मिळून सुमारे १,४०,००० तास फुकट काम केलं. आमच्या गृहस्थांनी रजा काढून कठडे जोडले. कोणते, ते त्यांनी मला फोटोत बोट ठेवून दाखवलं.

योग असा की २७ मे २०१९ च्या रात्री मी बर्लिनमध्येच होतो. युनियनने श्टुटगार्टला ०-० रोखलं. पहिला सामना तिकडे २-२ सुटलेला, त्यामुळे युनियन प्रथमच बुंडेसलिगात गेली. गृहस्थ मध्यरात्रीनंतर आले. घसा बसलेला, गळ्यात लाल-पांढरा मफलर, त्या उकाड्यातसुद्धा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हाला खाली बोलावलं. मी अभिनंदन केलं. पुढच्या वर्षी मोठे संघ येणार, मजा आहे, असंही म्हणालो.

ते म्हणाले, "हो. पण रविवार रिकामा असला की लिश्टेनबेर्गलाही जाईनच." लिश्टेनबेर्गचा हा क्लब एकच वर्ष, १९५०-५१ मध्ये, खऱ्या वरच्या लीगमध्ये खेळलेला. त्या २०१९ मध्ये त्यांनीही आपला गट जिंकला आणि चौथ्या श्रेणीत गेले.

मग त्यांनी मुलीला काही तरी विचारायला सांगितलं. तिने जरा थांबून मराठीत सांगितलं, "ते विचारतायत, त्र्याण्णव साली तो कागद तुझ्यासमोर आला असता, तर तू ओळखला असतास का?"

मुलीला माझी ती फाइल ठाऊक आहे. मी म्हटलं, "सांग त्यांना, घाईत असतो तर नाही."

तिने काय भाषांतर केलं ते मला कळलं नाही. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मग उठून आतून आणखी एक बाटली घेऊन आले.